मिरजेच्या तंबोऱ्याची नाममुद्रा, शेडग्यांचा प्रभाव आणि एआय: सल्ला हवाय

बोरूवाली_मिरज

नमस्कार. मी पुण्यात अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे, टायपोग्राफी घेतलंय. घर मिरजेत, सतारमेकर गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाच ठरवलं होतं की शेवटचा प्रकल्प यावरच करायचा. कारागिरांसाठी एक सामाईक नाममुद्रा, वाद्यावर लावायचं लेबल, पेटीचा टॅग आणि गिऱ्हाइकाला द्यायचं माहितीपत्रक, एवढं करायचंय. सगळं अक्षरांपाशी येऊन अडलंय, म्हणून इथे विचारतेय.

आधी माझ्यावर कोणाकोणाचा प्रभाव आहे ते सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. पहिला प्रभाव आमच्या पेठेतल्या एका पेंटरकाकांचा. दुकानांची नावं ते चपट्या ब्रशने थेट शटरवर लिहायचे. खडू लावलेला दोरा ताणून सोडला की शिरोरेषेची पांढरी रेघ उमटायची आणि मग डावीकडून उजवीकडे अक्षरं लटकवत जायची. आधी पेन्सिलीने आखणं नाही, की मागे जाऊन बघणं नाही. तरी शेवटचं अक्षर शटरच्या कडेपासून बरोब्बर सोडलेल्या जागेत बसायचं. दुसरे दीनानाथ दलाल. आजोबांकडे जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे होते, त्यांतली दलालांची मुखपृष्ठं मी वाचता येण्याआधीपासून बघत आलेय.

आणि सगळ्यात मोठा प्रभाव नाटकांच्या जाहिरातींची अक्षरं काढणाऱ्या कमल शेडग्यांचा. वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली आहेत. त्यांतल्या नाटकांच्या जाहिराती बघत मी तासन्‌तास बसलेय. नाटक ऐतिहासिक आहे, फार्स आहे की कौटुंबिक, हे मजकूर वाचायच्या आधी नुसत्या अक्षरांवरून कळतं. २०२० मध्ये ते गेले तेव्हा मी शाळेत होते, कधी भेटता आलं नाही.

आता प्रकल्पाबद्दल. मी ‘मिरज’ हा शब्द हाताने लिहिला. म ची गाठ भोपळ्यासारखी गोल, वेलांटी तंबोऱ्याच्या दांडीसारखी लांब, ती र च्या डोक्यावरून पार ज पर्यंत जाते. मला आवडलं होतं. सरांनी पाहिल्या पाहिल्या विचारलं, ‘हे तुझं की शेडग्यांचं?’ त्यानंतर मी काहीही काढलं तरी मला तेच दिसायला लागलंय.

दुसरीकडे वर्गातले बरेचजण कल्पना सुचण्यासाठी एआयच वापरतात. एका बैठकीत ढीगभर पर्याय भिंतीवर लागतात. मीही करून पाहिलं. जुन्या मॉडेलने वेलांटी म च्या मागे नुसती टेकवली आणि ज ला दोन पोटं दिली. नव्याने शब्द बरोबर लिहिला, पण अक्षर मात्र कुठल्याही लग्नपत्रिकेवर असतं तसं, वर सोनेरी चकाकी आणि शिरोरेषेला लटकवलेली सतार. इंटर्नशिपच्या मुलाखतींत पहिला प्रश्न ‘कोणती एआय टूल्स येतात’ हाच असतो. बोरू, कट निब येतं म्हटलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

तर मला विचारायचंय ते असं. एखाद्या कलाकाराचा प्रभाव अंगात इतका मुरलेला असताना त्यातून आपलं काही काढायचं कसं? आणि हाताने लिहिण्यात हे वर्ष घालवणं आजच्या घडीला शहाणपणाचं आहे का? मनापासून उत्तर हवंय, ‘दोन्ही कर’ एवढंच नको.

फ्लेक्स_इचलकरंजी

ताई, माझं फ्लेक्सचं दुकान आहे. बाबा पेंटर होते, तू लिहिलंस तसेच दोरा मारून रेघ पाडणारे. गावात फ्लेक्स आला आणि त्यांचं काम दोन-तीन वर्षांत बसलं. मी कोरल आणि श्रीलिपी ही सॉफ्टवेअर शिकलो, म्हणून घर चाललं. त्यामुळे माझं मत सरळ आहे, नवीन जे येईल ते आधी शिकून घे.

पण धंद्यातलं आजचं चित्रही सांगतो. हल्ली गिऱ्हाईक वाढदिवसाचा बॅनर मोबाईलवर एआयने करूनच आणतं. चित्र असतं १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं, आणि पाहिजे दहा फुटी बॅनर. दहा फूट म्हणजे १२० इंच, इंचाला जेमतेम साडेआठ पिक्सेल पडतात. लांबून बघायच्या बॅनरलाही मला इंचाला तीस-चाळीस तरी लागतात. वर नावातली जोडाक्षरं फुटलेली. ‘शुभेच्छुक’ मधला च्छ तर हमखास काहीतरी भलताच येतो. मग मी चित्र मोठं करून घेतो, मजकूर पुसतो आणि सगळी नावं नव्याने टाइप करतो. भाऊ, दादा, साहेब, सगळ्यांचे फोटो आणि नावं मापात बसवायची. ते काम अजून माणसालाच करावं लागतंय.

अर्ध्या तासात बॅनर पाहिजे असणारा माणूस अक्षराचे वेगळे पैसे देत नाही. पण नवीन हॉटेल टाकणारे, मसाल्याचा ब्रँड काढणारे येतात, ते ‘फॉन्टसारखं नको, हाताने लिहिल्यासारखं करा’ म्हणतात आणि पैसेही देतात. तसं काम माझ्याकडे आलं की बाबांना बसवतो. हात थरथरतो त्यांचा, पण कागदावर मोठं लिहून देतात, मी स्कॅन करून ट्रेस करतो.

मोशन_नाशिक

थोडं वेगळं मत. मी तुझ्यापेक्षा दोन वर्षं पुढे आहे, ॲनिमेशनच्या कंपनीत. आमच्याकडे एआय वापरल्याशिवाय वेळेत काही होतच नाही. लेबल लाकडावर कसं दिसेल, माहितीपत्रक हातात धरल्यावर कसं वाटेल, हे मॉकअप एआयने कर. फोटोशॉपमध्ये २०२३ पासून जनरेटिव्ह फिल आहे, पार्श्वभूमी वाढवणं, नको ते काढणं मिनिटांत होतं. वाचलेला वेळ अक्षरांना दे. ज्युरीला एआय कुठे वापरलं ते स्पष्ट लिहून दे, लपवू नकोस. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांत टूल सगळ्यांनाच येतात. स्केचबुक आणणारा क्वचित भेटतो, आणि आमच्या क्रिएटिव्ह हेड मॅडम ते आधी मागतात.

गिरगावचा_जुना_आर्टिस्ट

बाळ, तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही. १९८० च्या दशकात मी मुंबईत एका जाहिरात कंपनीच्या स्टुडिओत लेटरिंग आर्टिस्ट होतो. इंग्रजी मजकूर फोटोटाइपसेटिंगवरून ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर यायचा, आम्ही तो कापून रबर सोल्यूशनने आर्टवर्कवर चिकटवायचो. देवनागरीत मात्र मथळ्याला शोभतील असे टाइप बोटांवर मोजण्याइतके. म्हणून मराठी-हिंदी मथळे हाताने काढायचे. क्रोक्विल म्हणजे बारीक टोकाचं निब, ब्रश, काळी शाई, आणि कड साफ करायला पोस्टर व्हाइट. छपाईत जाणाऱ्या मापापेक्षा मोठं काढायचं आणि कॅमेऱ्याने लहान करून घ्यायचं, म्हणजे कडेचे बारीक दोष नाहीसे होतात.

हे सगळं सांगतोय कारण शेडग्यांकडे तू आकार बघते आहेस, आणि मला वाटतं त्या आकारांमागची अडचण बघावीस. नाटकाची जाहिरात म्हणजे वर्तमानपत्रातला एक लहान चौकोन. रंग नाही, करड्या छटाही नाहीत, कागद हलका. अशा कागदावर शाई पसरते, बारीक पोकळी भरून जाते. शिवाय वर, खाली, शेजारी दुसऱ्या नाटकांच्या जाहिराती त्याच वाचकासाठी भांडत असतात. अशा जागेत अक्षर टिकवायचं तर त्याच्या आतली पांढरी जागा मोकळी ठेवावी लागते, शब्दाचं वजन एका बाजूला झुकवावं लागतं, शिरोरेषा कुठे तोडायची आणि कुठे अखंड ठेवायची याचा निर्णय घ्यावा लागतो. त्यांनी हे निर्णय प्रत्येक नाटकासाठी नव्याने घेतले. ‘कमल शेडगे शैली’ असा एकच साचा कोणी शोधायला गेला तर त्याच्या हाती काही लागणार नाही, आणि तू एआयला मागितलंस तर त्यालाही लागणार नाही.

आता तुझी अडचण काय आहे? तुझं अक्षर वर्तमानपत्रात जाणारच नाही. ते जाणार तंबोऱ्यावर. तिथे पृष्ठभाग वाकडा आहे, रंग गडद आहे, वर पॉलिश आहे, लेबल दोन-अडीच इंचांच्या पलीकडे नसणार. आणि बघणारा माणूस वाद्य मांडीवर किंवा खांद्याशी धरून, हातभर अंतरावरून बघणार. तू काढलेली ती लांब वेलांटी कागदावर देखणी असेल, पण गोलाईवर लावल्यावर तिचं टोक दिसेनासं होईल. कागदावरचं ते ‘मिरज’ कापून खऱ्या भोपळ्यावर चिकटव आणि बघ. मग तुला ते बदलावंच लागेल, आणि जे बदलशील त्याला कोणी शेडग्यांचं म्हणणार नाही.

दुसरं सांगतो. सतारमेकर गल्लीतलेच कारागीर तुझे शिक्षक होऊ शकतात. जवारी लावताना बघितली आहेस ना? घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा माथा किंचित घासायचा, तार छेडायची, कान देऊन ऐकायचं, पुन्हा घासायचं. सूर उघडा झाला की थांबायचं. जास्त घासलं की बिघडलं. मी लेटरिंगची कड अशीच सुधारायचो. तू कारागिरांकडे तासभर नुसती बस, वहीसुद्धा नेऊ नकोस पहिल्या दिवशी. भोपळ्याला आकार कसा निवडतात, दांडीचा जोड कुठे लपवतात, नक्षी कुठे करतात आणि कुठे मुद्दाम मोकळं सोडतात, हे बघ. त्यांच्या मोकळ्या सोडलेल्या जागा तुझ्या अक्षरात आल्या पाहिजेत.

संगणकाबद्दल. १९९० च्या सुमारास आमच्या स्टुडिओत पहिला मॅक आला, तेव्हा दोन प्रकारची माणसं पाहिली. ज्यांना फक्त सरळ रेघ मारता येत होती त्यांचं काम गेलं, कारण यंत्र त्यांच्यापेक्षा सरळ मारत होतं. ज्यांना रेघ कुठे संपवायची हे कळत होतं, ते यंत्रावर गेले आणि पुढची वीस वर्षं आरामात कमावलं. त्यांतल्या काहींना माउस धरायलाही महिना लागला. मुलाखतीतल्या माणसांमुळे खचू नकोस, पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर मात्र तयार ठेव.

अक्षरजुळणी

काकांनी अक्षराचं सांगितलं, मी तंत्राचं सांगते. मी देवनागरी फॉन्ट बनवते.

एआयने ज ला दोन पोटं का दिली, याला कारण आहे. तू कीबोर्डवर ‘मि’ टाइप करतेस तेव्हा संगणक आधी म साठवतो, मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी म च्या आधी आणून बसवायचं काम शेपिंग इंजिन करतं आणि ती किती रुंद हवी ते फॉन्टमधले नियम सांगतात. चित्र बनवणाऱ्या मॉडेलात असा कुठलाच नियम लिहिलेला नसतो. ते पाहिलेल्या लाखो चित्रांवरून पिक्सेलांचा अंदाज बांधतं. नवी मॉडेलं शब्द बऱ्यापैकी बरोबर लिहायला लागली आहेत आणि यापुढे आणखी सुधारतील, म्हणून ‘त्याला मराठी येत नाही’ यावर तुझा प्रकल्प उभा करू नकोस. तुला जे लग्नपत्रिकेसारखं वाटलं, तो खरा मुद्दा आहे. जे सगळ्यांत जास्त दिसतं त्याच्या जवळ जाणं हा त्याचा स्वभाव आहे, आणि तुला मिरजेच्या एका गल्लीचं अक्षर हवंय.

हात आणि यंत्र यांत भांडण आहे असं तू गृहीत धरलंयस, तिथे मला र. कृ. जोशी आठवतात. सुलेखनकार, कवी, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातले शिक्षक, आणि त्यांनीच मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट केला, जो विंडोजवर वर्षानुवर्षं मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आहे. बोरू हातात धरलेला माणूस संगणकाच्या कोडपर्यंत गेला. त्यांच्या आधी ल. श्री. वाकणकरांनी, नंतर पुण्यात मुकुंद गोखल्यांनी देवनागरीच्या टाइपवर आयुष्य घातलं. आज ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता, बलू, मोदक हे फॉन्ट मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत. ते उघडून आतून बघ. मोदक इतका जाड आहे की अक्षराच्या आतली पांढरी जागा जवळजवळ संपते, तरी वाचता येतो. काका म्हणतात त्या पोकळीचा अभ्यास करायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तुझ्यासाठी एक सुचवते. शेडग्यांवरून नजर थोडी मागे ने, मोडीकडे. मिरज संस्थानचा जुना व्यवहार मोडीतच चालायचा. मोडी लिहिताना आधी ओळभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात, हात फारसा न उचलता. तुझे पेंटरकाका दोरा मारून तेच करत होते. आणि ताणलेली तार तर तुझ्या वाद्यावरच आहे. अच्युत पालवांनी मोडीवर खूप काम केलंय, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्रीही मिळाली. त्यांची मोडीतून निघालेली सुलेखनं बघ आणि मग बोरू घेऊन आधी रेघ, नंतर अक्षर, या क्रमाने ‘मिरज’ लिही. म ची गाठ आपोआप बदलेल, कारण हात वेगळ्या दिशेने येईल.

प्रभावाच्या कायदेशीर बाजूचंही थोडं. शैलीवर कोणाचा हक्क नसतो, प्रत्यक्ष कलाकृतीवर असतो. आपल्याकडे कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांची चित्रं २०३१ अखेरपर्यंत संरक्षित. प्रकल्पात अभ्यासासाठी दाखवायला हरकत नसते, पण माहितीपत्रकात त्यांचं चित्र किंवा त्यावरून एआयने काढलेलं हुबेहूब काही छापू नकोस. कारागिरांच्या हातात खरोखरचं लेबल जाणार असेल तर हे आणखी महत्त्वाचं.

शेवटी, माहितीपत्रकाचा मजकूर लावताना इनडिझाइनमध्ये ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवड, नाहीतर मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटतात. भाषा मराठी ठेव. काही फॉन्टांत भाषा बदलली की ल आणि श मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे राहत नाहीत. मिरजेच्या लेबलावर हिंदी वळणाचा ल मला तरी खटकेल.

बोरूवाली_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं वाचून सुट्टीत गल्लीत गेले. एका कारागिरांनी दुरुस्तीला आलेला जुना तंबोरा समोर ठेवला आणि म्हणाले, चिकटव काय चिकटवायचंय ते. तुम्ही म्हणालात तसंच झालं. वेलांटीचं टोक गोलाईमागे गेलं आणि नुसता ‘मरज’ दिसायला लागला. त्यांनी स्वतःच बोट ठेवून सांगितलं की लेबल भोपळ्यावर कशाला, वरच्या सपाट तबलीवर लाव, तिथे बसलेल्यालाही दिसतं आणि समोरच्यालाही. पण तबलीच्या मधल्या भागात आवाज असतो, तिथे काही चिकटवायचं नाही, खालच्या कडेला लावायचं. म्हणजे माझी जागा आणखी अरुंद झाली, पण सपाट झाली.

ताई, मोडीच्या क्रमाने लिहिलं. आधी रेघ, मग अक्षर. म ची गाठ खरंच डावीकडे खाली ओढली जाते आणि लहान होते. वेलांटी दांडीसारखी राहिली नाही, पण रेघच तारेसारखी लांब राहिली आणि ज च्या पुढे थोडी निघाली. सरांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि ‘ज जड झालाय’ एवढंच म्हणाले. शेडग्यांचं नाव निघालं नाही!

मोशनदादा, मॉकअप तुम्ही सांगितलेल्या पद्धतीने करतेय. तबलीचा फोटो माझाच आहे, पार्श्वभूमी तेवढी एआयने वाढवणार आणि तसं लिहिणार. मुलाखतीला आता स्केचबुक नेणार आहे.

एकच शेवटचं विचारते. लेबल पितळी पत्र्यावर कोरून घ्यावं की कागदावर छापून वॉर्निशखाली लावावं? कारागिरांचं मत कागदाकडे आहे, पत्र्याचं वजन तबलीवर नको म्हणतात.

फ्लेक्स_इचलकरंजी

ताई, कारागिरांचं ऐक. कागदच घे, पण पातळ. आणि वॉर्निशखाली कागद थोडा पारदर्शक होतो, लाकडाचा रंग वर येतो, म्हणून अक्षर गडद एकाच रंगात ठेव, फिकट छटा गायब होतील. छापायच्या आधी पॉलिशवाल्याकडून एक तुकडा लावून घे, वाळल्यावर बघ. फाइल पाठवताना अक्षरांचे आउटलाइन करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार करून पाठव, नाहीतर छापणाऱ्याकडे फॉन्ट नसला तर सगळं रोमन कचरा होऊन येतं. इचलकरंजीत आलीस तर ट्रायल प्रिंट माझ्याकडे काढू, पैसे नकोत. बाबांनाही तुझा म दाखवायचाय.